गाडीचा 'युरिया' आणि शेताचा युरिया: नावाच्या घोळात इंजिनही जाईल, खतही

जामसांवली (जि. पांढुर्णा) : मंगळवार-शनिवारी हनुमान मंदिराच्या पार्किंगमध्ये एमएच आणि एमपी, दोन्ही पासिंगच्या गाड्या शेजारी-शेजारी लागतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना आणि ट्रकांना डिझेलशिवाय आणखी एक द्रव लागतो. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव डिझेल एग्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डेफ. कुणी ॲडब्लू म्हणतं. ड्रायव्हर मंडळी मात्र सरळ 'युरिया' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कारण युरियाची गोणी इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात पडलेली असते.

डेफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी क्षार पूर्ण काढलेलं पाणी. गरम सायलेन्सरमध्ये त्याची फवारणी झाली की अमोनिया तयार होतो आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये व वाफेत रूपांतर होतं. सगळ्याच डिझेल कारना हा द्रव लागत नाही. निळ्या झाकणाचं वेगळं तोंड असेल तरच लागतो.

आता मोह कुठे होतो, तो हिशेब बघा. ४५ किलोची अनुदानित गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे किलोला सहा रुपयेही नाही. दहा लिटर डेफमध्ये साडेतीन किलोच्या आसपास युरिया असतो. म्हणजे माल झाला एकवीस रुपयांचा! बाजारात तेवढाच डबा काही शे रुपयांना मिळतो. मग "घरीच घोळून टाकू" असं वाटणारच.

पण २०१५ पासून शेतीच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो पाण्यात नीट विरघळत नाही. शिवाय शेतीच्या युरियात बायुरेटचं प्रमाण जास्त असतं आणि बोअरच्या पाण्यात क्षार. हे सगळं फवारणीच्या नोझलमध्ये आणि पुढच्या कॅटॅलिस्टवर खड्यांसारखं बसतं. कॅटॅलिस्ट बदलायची वेळ आली की वाचवलेल्या रुपयांचा हिशेब विसरायचा, वर वॉरंटीही हातची जाते. अनुदानाचं खत शेतीबाहेर वळवणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

यात नुकसान एकट्या गाडीवाल्याचं नाही. २०२५ च्या खरिपात मध्य प्रदेशात युरियासाठी शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या होत्या. हा पट्टा मक्याचा, आणि मक्याला युरिया वेळेवरच लागतो. तिथे गाडीत गेलेली प्रत्येक गोणी कुणाच्या तरी वावरातून कमी झालेली असते.

बाजारातला डबा घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. २५ अंशांखाली ठेवलेला डेफ साधारण १८ महिने टिकतो, ३५ अंशांत सहाच महिने. पांढुर्णा-सौंसरचा मे महिना आणि पत्र्याचं दुकान, मग काय उरणार? डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं, सील शाबूत आणि तारीख ताजी असली पाहिजे. डिझेलचा भाव सीमा ओलांडली की बदलतो, म्हणून टाकी कुठे भरायची हे लोक ठरवूनच निघतात. डेफवर मात्र जीएसटी आहे, कराचा दर दोन्हीकडे सारखाच. त्यासाठी सावनेरपर्यंत थांबण्यात काही फायदा नाही.

थांबूच नये, खरं तर. सूचना बरीच आधी येते, पण टाकी कोरडी पडली तर बंद केलेली कार पुन्हा सुरू होत नाही. ट्रकची ताकद उतरते. भरताना इंजिन बंद ठेवावं, काठोकाठ भरू नये, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवावं. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवूच नका, गाडी ओढून न्या.

ट्रकांमध्ये तर डेफची यंत्रणाच बंद पाडणारे जुगाड बसवले जातात. ते पकडणार कोण? डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजला जातो, नायट्रोजन ऑक्साइड नाही. डेफ बंद असलेली गाडीही त्या तपासणीत आरामात पास होते, एमपीत आणि महाराष्ट्रातही.