आजीचे गाव कोणते?

चाळ रिकामी व्हायला लागली की पहिली चंगळ रद्दीवाल्याची होते. ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आपल्या डिलाईल रोडवर, बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली आल्या. गिरणीचे पास, गावी धाडलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या, कुणाचा तरी चौथीचा दाखला. नव्या जागी हे कुठे ठेवायचे, म्हणून किलोच्या भावाने गेले. आमचे म्हणणे एवढेच की भांडी खुशाल मोडीत घाला, ही पेटी घालू नका. घराण्याचा शोध तिच्यातूनच सुरू होतो.

मध्यंतरी आमच्याकडे दोन भावंडे आली. वडील साताऱ्याकडचे, बौद्ध. आईची आई मात्र तलासरीकडची वारली. तरुणपणी लग्न करून परळात आली आणि पुढे माहेरचे नावही तिने काढले नाही. चाळीत कुणी 'जंगली' म्हणेल ही धास्ती. परवा नातीशी बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेले. भावाने विचारले, "काका, मग आम्हाला आदिवासीचा दाखला मिळेल का?" बहिणीने विचारले, "आजीचं गाव पाहायचंय, कसं शोधायचं?"

भावाला आम्ही स्पष्टच सांगितले. जात साधारणपणे बापाकडून धरली जाते आणि तुमचा अनुसूचित जातीचा दाखला वडिलांकडून आहेच. बौद्धांना केंद्रात ती सवलत १९९० साली मिळाली, तीही पुष्कळ वर्षे मागितल्यावर. आता आजीच्या आठवणीवर दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा काय? या महाराष्ट्रात नावसाधर्म्यावर आदिवासींच्या जागा घेणारे कमी झाले नाहीत. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दावा खोटा ठरला की त्यावर मिळालेली नोकरी राहत नाही. त्याची जात वेगळी असेल, पण हिसकावलेली जागा कुणाची होती हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण खऱ्या आदिवासीचेही हाल होतात. दक्षता पथक घरी येऊन विचारते, देव कोणते, लग्नात काय करता, मर्तिकाला काय करता. दोन पिढ्या शहरात राहिलेल्या पोराला ते कुठून सांगता येणार? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, जुन्या कागदांचे वजन जास्त. जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा कागद म्हणूनच सोन्यासारखा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूची गाव नमुना १४ ची नोंद, हे आधी पाहावे. आपल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जुन्या नोंदीत आजचे आडनाव सापडेलच असे नाही. नावापुढे 'नाक' आणि मग 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, असे लिहिलेले असते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही 'नाक' लागलेली नावे कोरलेली आहेत. आडनाव जुळत नाही म्हणून उतारा परत ठेवून आलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

अमेरिकेत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालतो. आमची पणजी चेरोकी जमातीची राजकन्या होती, असे सांगणारी गोरी घरे तिकडे गल्लोगल्ली. चेरोकींत राजाच नव्हता, तर राजकन्या कुठली! १८३८-३९ मध्ये या लोकांना सरकारने घरातून उठवून पश्चिमेला हाकलले, वाटेत हजारो मेले. पुढे १८९८ ते १९०६ च्या सुमारास त्यांची नावनिशी यादी झाली. ओक्लाहोमातील चेरोकी राष्ट्र आजही त्या यादीतल्या पूर्वजाशी नाते कागदाने दाखवणाऱ्यालाच आपला नागरिक मानते. रक्ताची तपासणी करून आणली तरी उपयोग नाही. आणि एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष सांगण्यासारखी. श्रीमंत चेरोकींनी काळे गुलाम ठेवले होते. १८६६ च्या तहाने त्या गुलामांना नागरिकत्व मिळाले, पण त्यांच्या वंशजांना पुढे बाहेर ठेवण्याचे प्रयत्न झाले. शेवटी २०१७ चा कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने 'रक्ताने' हा शब्द घटनेतून काढायला लावला. सोसलेला माणूस दुसऱ्याला दाराबाहेर ठेवत नाही, असे काही नसते.

बहिणीच्या प्रश्नाला वेळ लागला. आजीच्या पिढीतल्या वारली मुलींच्या वाट्याला शाळा फार थोडी आली, त्यामुळे कागदावर सगळे सापडेलच असे नाही. नुसते गाव विचारून भागत नाही, पाडा विचारावा लागतो. बापाचे नाव, भावांची नावे, जवळची नदी, बाजाराचा वार. हे सगळे आजीकडून लिहून घे, असे आम्ही सांगितले.

तिने उत्साहात लग्नाचा चौक भिंतीवर काढायचे ठरवले होते. वारली चित्र आता उशीवर, कपावर, सगळीकडे असते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते जगभर नेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण लग्नातला चौक ही शोभा नव्हे. सुवासिनी तांदळाच्या पिठाने तो काढतात, आत पालघाट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते आणि मग लग्न लागते. तेव्हा आधी आजीला विचार, तिकडच्या बायकांना विचार, काय काढलेले चालते नि काय नाही. शाळेच्या गॅदरिंगला पोरांच्या कमरेला पाने बांधून, तोंडाला काळे फासून 'आदिवासी नृत्य' करवतात, तो तर निव्वळ अपमान. खरा तारपा नाच पाहिलेला माणूस असले काही करणार नाही.

घरात एक अडचण निघालीच. वडील म्हणाले, आपण देव सोडले, आता पोरगी पालघाट देवीकडे जाणार का? आम्ही म्हटले, बघणे वेगळे, पुजणे वेगळे. आजीच्या लग्नातले गाणे ऐकल्याने बावीस प्रतिज्ञा मोडत नाहीत. ते गप्प राहिले, पण तिकिटाचे पैसे त्यांनीच दिले.

दिवाळीच्या सुट्टीत आजी-नात विरारला गाडी बदलून डहाणूला गेल्या, पुढे एसटीने. पाड्यावर आजीची एक चुलत बहीण हयात निघाली. वहीत आता चार पिढ्यांची सतरा नावे आहेत. चौक अजून काढलेला नाही. त्या बहिणीने सांगितले आहे, लग्नसराईत या, मग शिकवते.