सावली कोणाला, ऊन कोणाला?

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा शासकीय सोहळा भर उन्हात पार पडला. लाखोंचा जनसमुदाय डोक्यावर कसलेही छत नसताना कित्येक तास बसून होता. मान्यवरांच्या व्यासपीठावर मात्र सावली होती. त्या दिवशीच्या उन्हाने चौदा जणांचे प्राण घेतले. पुढे आरोप-प्रत्यारोप झाले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली आणि सारे प्रकरण 'नियोजनातील ढिसाळपणा' या सदरात टाकून विस्मृतीत ढकलले गेले. ढिसाळपणा होता यात शंकाच नाही. परंतु त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशावर पसरलेल्या दमट उष्णतेच्या लाटेचा अभ्यास आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने केला, तेव्हा मानवनिर्मित हवामानबदलामुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान तीस पटींनी वाढली आहे, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे खारघरच्या मैदानावरील ते ऊन केवळ सूर्याचे देणे नव्हते. त्यात जगाच्या दीड-दोनशे वर्षांच्या कारखानदारीचा वाटा होता. आणि सावली कोणाला व ऊन कोणाला, ही वाटणी तर सर्वस्वी माणसांनीच केलेली होती.

चळवळीतील अनेक निष्ठावंत कार्यकर्त्यांना हवामानबदल हा विषय अद्याप परका वाटतो. मजुरी, रेशन, जमीन, पाणी हे खरे प्रश्न; पृथ्वीच्या तापमानाची काळजी ही पोट भरलेल्यांची चैन, अशी समजूत त्यामागे आहे. ही समजूत अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी यांना तेथे दारिद्र्याचा प्रश्न आग्रहाने मांडावा लागला. कारण स्वतः सुबत्ता मिळवून बसलेली राष्ट्रे गरीब राष्ट्रांना संयमाचे धडे देण्यास तेव्हाही उत्सुक होती. परंतु अर्ध्या शतकानंतर परिस्थिती पालटली आहे. वाढत्या उष्णतेचा पहिला घाव आज रोजंदारीवरच बसतो. अशा वेळी हा विषय दुसऱ्यांवर सोपवणे म्हणजे कष्टकऱ्यांच्या एका मूलभूत प्रश्नाकडे पाठ फिरवणे होय.

यामागील विज्ञान नवे नाही आणि संशयास्पद तर मुळीच नाही. वातावरण पृथ्वीची उष्णता धरून ठेवते, हा विचार फ्रान्सचे जोसेफ फूरिए यांनी १८२४ साली मांडला. अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने १८५६ साली काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे कर्बवायू भरलेली नळी सर्वाधिक तापते व सावकाश निवते, हे दाखवून दिले. १८९६ साली स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतील कर्बवायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित कागदावर मांडले. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास भरले. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले होते. हा वाढीव कर्ब कोळसा आणि तेल यांतूनच आला आहे, हे त्याच्या अणूंच्या घडणीवरून ओळखता येते. सूर्यच अधिक तापला असेल, ही शंकाही टिकत नाही. कारण तसे असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचे थर थंड होत आहेत. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा अधिक बेभान पडतो आणि दमट हवेत कष्टकऱ्याच्या अंगावरचा घाम वाळत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सरासरीशी तुलना करता २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंश सेल्सिअसने तापलेली होती. २०२४ हे पूर्ण वर्ष दीड अंशाची मर्यादा ओलांडणारे पहिले वर्ष ठरले.

हे सारे ठाऊक नव्हते म्हणून घडले, असे म्हणण्याचीही सोय नाही. अमेरिकेतील एक्झॉन या तेल कंपनीच्या व्यवस्थापनाला तिच्याच शास्त्रज्ञाने १९७७ साली या धोक्याची कल्पना दिली होती. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या काळात वर्तविलेली तापमानवाढ पुढील प्रत्यक्ष तापमानवाढीशी किती तंतोतंत जुळली, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले. तथापि ज्ञान तिजोरीत राहिले आणि जनतेपुढे मांडली गेली ती शंका. नफ्याच्या आड येणारे सत्य भांडवल कसे हाताळते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता उत्तरदायित्वाचा हिशेब पाहावा. आजवर जगाने कोळसा-तेल जाळून हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे एक-चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा असलेल्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे. आजही सरासरी अमेरिकी नागरिक वर्षाला सुमारे चौदा टन कर्बवायू सोडतो, तर सरासरी भारतीय दोन टन. १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी या विषमतेला पर्यावरणीय वसाहतवाद म्हटले. भाताच्या खाचरातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत तोलता येणार नाही. एक जगण्यासाठी आहे, दुसरा विलासासाठी, हे त्यांनी ठणकावून सांगितले. वातावरण ही सर्व मानवजातीची सामायिक मालमत्ता आहे आणि तीत प्रत्येकाचा हक्क समान आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. समाजवादी विचाराला याहून जवळचे तत्त्व कोणते असू शकेल?

१९९२ च्या रिओ परिषदेतील कराराने 'सामायिक परंतु भिन्न जबाबदारी' हे तत्त्व स्वीकारले. पुढचा इतिहास त्या तत्त्वाच्या पायमल्लीचा आहे. गरीब राष्ट्रांवर बंधने नसतील तर असा कोणताही करार अमेरिकेने करू नये, असा ठराव १९९७ मध्ये अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी संमत केला आणि २००१ मध्ये अमेरिकेने क्योटो कराराकडे पाठ फिरवली. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबानुसार हा आकडा प्रथम गाठला गेला तो २०२२ मध्ये. आणि त्या रकमेचा मोठा भाग कर्जाचा होता. ज्याने घर जाळले त्यानेच घर बांधण्यासाठी व्याजाने पैसे द्यावेत, असा हा न्याय! २०२४ मध्ये बाकू येथे गरीब राष्ट्रांची मागणी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची होती. हाती पडले ते २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलर उभारण्याचे आश्वासन. भारताच्या प्रतिनिधीने त्यावर भर सभेत तीव्र आक्षेप घेतला, तो सर्वथैव योग्य होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी पदग्रहणाच्या दिवशीच काढला.

जागतिक व्यासपीठावर भारताची बाजू न्यायाची आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु येथे थांबणे ही आत्मवंचना ठरेल. दरडोई दोन टनांची सरासरी कोणामुळे इतकी खाली राहते? ती राहते माळरानावरच्या शेतमजुरामुळे, चुलीपुढे खोकणाऱ्या बाईमुळे आणि झोपडपट्टीतल्या एका दिव्याच्या घरामुळे. त्यांच्या न जाळलेल्या कोळशाची आणि न उडवलेल्या विमानांची बेरीज करून त्या बेरजेआड देशातील धनिक वर्ग सुखाने दडून बसतो. ग्रीनपीस संस्थेने २००७ मध्येच 'गरिबांआड दडणे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल काढून देशातील सर्वांत वरच्या उत्पन्नगटाचे दरडोई उत्सर्जन सर्वांत खालच्या गटाच्या साडेचार पट असल्याचे दाखविले होते. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ मंडळाचा अलीकडचा अहवाल सांगतो, की जगातील वरची दहा टक्के कुटुंबे घरगुती उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनापैकी ३४ ते ४५ टक्क्यांना जबाबदार आहेत. खालच्या निम्म्या कुटुंबांचा वाटा १३ ते १५ टक्के आहे. समान हक्काचे जे तत्त्व वॉशिंग्टनला ऐकवायचे, तेच मलबार हिललाही ऐकवले पाहिजे. देशाच्या सीमेवर येऊन जे तत्त्व संपते, ते तत्त्व नसून सौदा असतो.

उष्णतेचा भार कोणावर पडतो, हेही आता मोजले गेले आहे. २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांएवढे श्रम गमावले जातील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये वर्तविला. या आकड्यामागची माणसे कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहेत. नाक्यावर उभा असलेला बांधकाम मजूर उन्हाची सुट्टी घेऊ शकत नाही. सुट्टी म्हणजे त्या दिवशीची चूल बंद. बीडमधून आलेले ऊसतोड जोडपे मुकादमाची उचल घेऊन आलेले असते आणि मजुरी मिळते ती टनावर. मार्चच्या उन्हात घटकाभर बसावे तर टन कमी भरतो. आजारी पडून खाडा झाला तर दंड कापला जातो. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये, हा सरकारी सल्ला या माणसांच्या दृष्टीने क्रूर विनोद आहे. सल्ला शहाणपणाचा आहे. परंतु त्या तीन तासांची मजुरी कोण देणार, याविषयी तो मौन पाळतो.

योग्य नियोजनाने जीव वाचवता येतात, याची जाणीव राज्यकर्त्यांना नाही असे नव्हे. मे २०१० मध्ये एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले आणि त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने देशातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. अनेक शहरांनी व जिल्ह्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु आराखड्यामागे पैसा आणि कायद्याची सक्ती नसेल तर तो भिंतीवरचा फलक ठरतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने छपराखालच्या उष्णतेचा विचार केला; उघड्या आकाशाखाली राबणारा त्या विचारात बसलाच नाही. पैशाची कथाही अशीच आहे. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविण्यात आला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेण्यात आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताच तो महसूल राज्यांच्या भरपाईकडे वळवण्यात आला.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०२४ मध्ये देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर निर्माण झाली. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आणि वर्धा खोऱ्यातील खाणी यांवर हजारो कुटुंबांचे पोट आहे. तेथील कामगार धूळ खातो आणि त्याच चंद्रपूरचा जाळणारा उन्हाळाही सोसतो. उद्या कोळसा कमी करावाच लागेल. परंतु त्याची किंमत खाणीतल्या कंत्राटी कामगाराने मोजावी आणि सौरऊर्जेचे कंत्राट मात्र बड्या भांडवलदाराच्या खिशात पडावे, असा बदल हा केवळ मालकीच्या खांदेपालटाचा प्रकार होईल. गिरणी कामगारांची जी वाताहत मुंबईने १९८२ च्या संपानंतर पाहिली, तिची पुनरावृत्ती चंद्रपुरात होऊ देता कामा नये.

या प्रश्नावर वाट नाही असे समजण्याचे कारण नाही. ती महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ चा दुष्काळ हीदेखील निसर्गाची आपत्ती मानली गेली होती. परंतु खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांनी दयेऐवजी काम मागितले, मोर्चे काढले आणि त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला, शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराकडे पैसा वळला आणि तितकीच भर शासनाने घातली. आपत्तीचे रूपांतर हक्कात करण्याचा तो धडा होता. आज त्याचीच उजळणी हवी. ठरावीक तापमानाच्या वर काम थांबविण्याचा आणि त्या वेळेची मजुरी मिळण्याचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे. तो टनावर वा नगावर काम करणाऱ्यालाही लागू झाला पाहिजे. कामावर उष्माघाताने झालेला मृत्यू औद्योगिक अपघात मानला गेला पाहिजे. खाण बंद करण्याचा कागद निघण्यापूर्वी कंत्राटी कामगारांसह सर्वांच्या पर्यायी रोजगाराचा कागद निघाला पाहिजे. यासाठी लागणारा निधी चैनीच्या उपभोगावरील करातून उभा राहावा आणि त्याचा जाहीर हिशेब ठेवला जावा.

ही मागणी वातानुकूलित परिषदांतून पुढे येणार नाही. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील नाके, वीटभट्ट्या, फड आणि बांधकामे येथे जाऊन पाणी आहे काय, सावली आहे काय, दुपारचे काम थांबते काय आणि थांबल्यास मजुरी कापली जाते काय, याची नोंद केली पाहिजे. या नोंदी तहसील कचेरीच्या दारात मांडल्या गेल्या, की हवामानबदल हा पुस्तकी विषय आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सूर्यावर कोणाची सत्ता नाही. सावलीची वाटणी मात्र राज्यव्यवस्था करते आणि ती बदलता येते.