भाकर, ऋण आणि वेठ : बायबलवचनांच्या उपयोजनाचा प्रश्न
(जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात)

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासाला आता निश्चित परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीरामपूरहून १८११ मध्ये प्रसिद्ध केलेला मराठी नवा करार, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे या परंपरेतील सर्वपरिचित टप्पे होत. डॉ. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या संशोधकांनी या वाङ्मयाचा शिस्तबद्ध शोध घेतला. मात्र या अभ्यासाचा भर प्रामुख्याने ग्रंथ, ग्रंथकार आणि भाषांतर यांवरच राहिला. छापलेले वचन वाचकाच्या घरी पोहोचल्यावर त्याचे पुढे काय होते, श्रद्धावान मनुष्य ते आपल्या दिवसाला कसे लावून घेतो, हा प्रश्न धर्मोपदेशकांच्या कक्षेतला मानून वाङ्मयाभ्यासकांनी बाजूला ठेवला. वस्तुतः वचन जीवनाला लावणे ही वाचनाचीच क्रिया आहे. तिच्यात अर्थनिवड असते, संदर्भाची काटछाट असते आणि कोणाच्या बाजूने वाचायचे याचा निर्णयही असतो. म्हणूनच ती समीक्षेच्या कक्षेत येते.

हा प्रश्न तपासण्यासाठी पालघर जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका टोकाला वसई आहे. तेथील ख्रिस्ती जीवनाला शतकांचा इतिहास असून बायबलची भाषा तेथे घरोघरी मुरलेली आहे. दुसऱ्या टोकाला जव्हार आणि मोखाडा हे डोंगरी तालुके आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या आदिवासी समाजांची तेथे बहुसंख्या आहे आणि ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. परंतु ‘डोंगरावरील प्रवचना’तील तीन कळीचे शब्द, भाकर, ऋण आणि वेठ, या डोंगरांत जितके रोकडे आहेत तितके ते क्वचितच अन्यत्र असतील. नेहमीच्या उपदेशात हे शब्द लवकर रूपके होतात. भाकर म्हणजे आत्मिक पोषण, ऋण म्हणजे पाप आणि वेठीचा कोस म्हणजे नम्रता, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या हाती पडतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर हे रूपक टिकते काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम ‘भाकर’ घेऊ. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रार्थनेत (६:११) रोजच्या अन्नाची मागणी आहे. मूळ ग्रीक शब्द गव्हा-जवाच्या रोटीचा निर्देश करतो. मराठी भाषांतरकारांनी तेथे ‘भाकर’ हा शब्द योजला आणि वचन महाराष्ट्राच्या चुलीपाशी आणून ठेवले. ही निवड साधी दिसली तरी दूरगामी आहे. जव्हार-मोखाड्यात हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे नागलीची भाकर येते. उतारावरच्या जमिनीत नागली, वरई आणि पावसाच्या भरवशावरचा भात, एवढ्यावर वर्ष निभत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. या स्थलांतराला तेथील बोलीत ‘जगायला जाणे’ असे म्हणतात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. ज्या भूमीच्या स्मृतीत ही घटना आहे, तेथे रोजच्या भाकरीची मागणी हे रूपक उरत नाही.

येथे एक भाषिक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘रोजची’ असे ज्याचे भाषांतर होते तो ‘एपिऊसिओस’ हा ग्रीक शब्द नव्या करारात केवळ या प्रार्थनेच्या मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या पाठांत येतो. त्याचा अर्थ आजची, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, याविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत. पंडितांना हा कोशाचा प्रश्न वाटतो. जगायला जाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र आजची भाकर आणि उद्याची भाकर यांतील अंतर म्हणजेच उचल घ्यावी की नाही याचा निर्णय असतो.

याच ठिकाणी दुसरा शब्द येऊन भिडतो. भाकरीच्या मागणीला लागूनच, ‘आणि’ या अव्ययाने जोडलेली, ऋणमुक्तीची मागणी आहे (६:१२). लूकाच्या पाठात (११:४) पहिल्या अर्ध्या भागात ‘पापे’ हा शब्द आहे. मत्तयाने मात्र देण्याघेण्याच्या व्यवहारातला शब्द ठेवला आहे आणि प्रचलित मराठी भाषांतरात तो ‘ऋण’ असाच उतरला आहे. उपदेशक बहुधा लूकाचा अर्थ मत्तयाच्या शब्दावर चढवतात. त्यात धर्मशास्त्रीय चूक नाही, परंतु भाकर आणि ऋण यांचे शेजारपण त्यामुळे हरवते. पावसाळ्यात कणगी रिकामी झाल्यावर खाण्यासाठी जे धान्य वा पैसे उसने घ्यावे लागतात, त्याला या भागात ‘खावटी’ म्हणतात. पुढे शासकीय योजनांनीही हाच शब्द स्वीकारला. खावटी म्हणजे ऋण झालेली भाकर. मत्तयाच्या दोन ओळींमधील ‘आणि’चा यापेक्षा नेमका अर्थ कोणत्या टीकाग्रंथात सापडणार?

ऋणाची वाट वेठीकडे जाते, हे ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराच्या घरी पत्नीसह राबणारा ‘लग्नगडी’ ही येथील रूढ व्यवस्था होती. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळे तो लढा मराठी वाचकाला ज्ञात आहे. १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगारी देशभर रद्द झाली. तरीही २०२१ साली मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी मजुराच्या आत्महत्येनंतर, मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपोटी त्याला मालकाकडे राबावे लागले, असा आरोप झाला आणि त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. ‘वेठ’ हा शब्द येथे इतिहासजमा झालेला नाही.

आता मत्तय ५:४१ पाहावे. एक कोस बळजबरीने नेणाऱ्याबरोबर दोन कोस जावे, असा त्या वचनाचा आशय आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा उगम इराणी राजसत्तेच्या टपालव्यवस्थेत आहे. रोमन अमलात सैनिक प्रजेकडून ओझी वाहून घेत, त्या सक्तीलाही तोच शब्द लागला. मराठी भाषांतरकारांनी ‘वेठीस धरणे’ हा प्रतिशब्द निवडला, तो अचूक आहे. पण या अचूकपणामुळेच पेच निर्माण होतो. ज्यांच्या आजोबांनी वेठ नाकारण्यासाठी मार खाल्ला, त्यांना हे वचन रोजच्या जीवनाला लावा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

या पेचाचे उत्तर वचन टाळून मिळणार नाही आणि त्याला गुळगुळीत करूनही मिळणार नाही. ते वचन कोण, कोणाला, कोठे उभे राहून सांगतो, हे पाहावे लागते. सांगणारा स्वतः परसत्तेखालील प्रजेतला आहे आणि ऐकणारे ओझे वाहणारे आहेत. पहिला कोस सक्तीचा आणि दुसरा स्वतःच्या निर्णयाचा, अशी त्या वचनाची रचना आहे. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक यांनी त्यात अहिंसक प्रतिकाराचे तंत्र पाहिले. सैनिकाला एकच मैल ओझे वाहवून घेण्याची मुभा होती, या त्यांच्या गृहीतकाला पुरेसा पुरावा नाही. तथापि दुसऱ्या कोसात वेठीला धरलेला मनुष्य कर्ता होतो, हे निरीक्षण नाकारता येत नाही. हेच वचन वेठ घेणाऱ्याने वा त्याच्या बाजूने बोलणाऱ्याने उच्चारले, की शब्द तेच राहून अर्थ उलटा होतो. शिवाय हेच क्रियापद मत्तयात पुन्हा एकदा येते (२७:३२). कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहण्यासाठी वेठीस धरले जाते, तेव्हा ते ओझे कोणाचे आहे हे वाचकाला ठाऊक असते. दोन्ही स्थळे एकत्र वाचली, तर शुभवर्तमान कोणाच्या बाजूस उभे आहे, याविषयी संदेह राहत नाही.

अशा वाचनावर एक आक्षेप संभवतो. शास्त्रवचनाला भाकर, कर्ज आणि मजुरी यांच्या पातळीवर आणले, तर त्यातील श्रद्धेचा गाभा हरपून ते सामाजिक पत्रक होईल, असे म्हटले जाईल. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, या आशयाचे वचन (मत्तय ४:४) त्यासाठी पुढे केले जाते. परंतु त्या वचनाचे स्थानही तपासले पाहिजे. ते उद्गार चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाचे आहेत आणि ते स्वतःच्या भुकेविषयी आहेत. दुसऱ्यांची भूक समोर आली तेव्हा (मत्तय १४) त्याच येशूने आधी त्यांना जेवू घातले. उपाशी माणसाने स्वतःला सांगितलेले वाक्य पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला सांगणे, हा उपयोजनाचा सर्वांत सामान्य आणि सर्वांत गंभीर दोष होय. शब्दाचा रोकडा अर्थ राखल्याने श्रद्धा उणी होत नाही. प्रार्थना करणाऱ्याने आपली खरी गरज देवासमोर मांडली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

उलट, हा अर्थ राखला की वचन दुसऱ्या पक्षालाही लागू होते, आणि तेथेच त्याची खरी कसोटी असते. मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, असे अनुवाद २४:१५ सांगते. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. वीटभट्टीच्या व्यवहारात हंगामाच्या आधी उचल दिली जाते आणि हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो. या जिल्ह्यात वा मुंबईत बांधकाम, भट्टी, वाडी यांसाठी मजूर लावणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना ही वचने रविवारी तशीच लावून दाखवली जातात काय? पाड्यावर सहनशीलतेची वचने आणि शहरात आशीर्वादाची वचने, अशी वाटणी होत असेल, तर उपयोजन पक्षपाती आहे, असेच म्हणावे लागेल.

भाषेच्या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी मूळ भाषा अभ्यासल्या आणि ते काम १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पुरे केले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचक कोण आहे हे ठरवून शब्द निवडायचा, हे त्यांचे सूत्र होते. भाषांतराला लागू असलेले हे सूत्र उपयोजनालाही लागू व्हायला हवे. ऐकणारा वारली वा कोकणा असेल, तर राब, आवणी, खावटी, उचल या त्याच्या शब्दांशी वचनाची गाठ घालणे ही सोय नसून अर्थाची गरज आहे.

मराठी विभागांनी या क्षेत्राकडे वळण्याची वेळ आली आहे. प्रवचने, प्रार्थनासभांतील साक्षी आणि घरगुती प्रार्थना यांचे संकलन बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच बोलीत झाले पाहिजे. धवलेरीची लग्नगीते आणि बोहाड्याची सोंगे यांना लोकसाहित्याच्या अभ्यासात जे स्थान मिळाले, ते या मौखिक सामग्रीलाही मिळावे. तिच्याकडे विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे : या वचनाने ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवले आणि कोणाच्या डोक्यावरून उतरवले? उपयोजन खरे की खोटे, याचा निवाडा या उत्तरावर होतो.