संघ शहराचा, हिशेब कोणाचा?

बेंगळूरुच्या चिकपेटमध्ये रेशमी साड्यांची जुनी घाऊक बाजारपेठ आहे. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसवलेल्या पेठांपैकी ही एक. शहाजीराजांना बेंगळूरुची जहागीर मिळाल्यावर त्यांचे वास्तव्य ज्या गौरी महालात होते, तोही याच परिसरात होता, असे परंपरा सांगते. राजवटी बदलल्या, पेठ टिकली. येथून चिन्नास्वामी क्रिकेट मैदान साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. मेट्रोने जायचे तर मॅजेस्टिकला एकदा गाडी बदलावी लागते. पेठेचे अर्थकारण आणि मैदानाचे अर्थकारण यांतील अंतर मात्र याहून पुष्कळ मोठे आहे. एखाद्या शहराच्या नावाने खेळणारा संघ त्या शहराच्या रहिवाशांना नेमके काय देतो, हा प्रश्न या दोन ठिकाणांच्या मध्ये उभे राहूनच विचारायला हवा.

४ जून २०२५ रोजी या प्रश्नाला भीषण उत्तर मिळाले. आदल्या रात्री अहमदाबादमध्ये रॉयल चॅलेंजर्स बेंगळूरुने अठराव्या हंगामात प्रथमच आयपीएल जिंकली होती. दुसऱ्या दिवशी, पोलिसांना तयारीला पुरेसा अवधीही न देता, विजयोत्सवाची घोषणा झाली. सुमारे ३५ हजार आसनांच्या मैदानाबाहेर लाखोंचा समुदाय लोटला आणि चेंगराचेंगरीत ११ जणांचा बळी गेला. मृतांत बहुतेक तरुण होते. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने गर्दी जमण्यास प्रथमदर्शनी संघालाच जबाबदार धरले. मात्र त्या दिवशी विधानसौधाच्या पायऱ्यांवर खेळाडूंचा सत्कार करायला राज्य सरकारही तितकेच उतावीळ होते. पुढे सरकारने प्रत्येक शोकाकुल कुटुंबाला २५ लाख रुपये जाहीर केले. संघाने तेवढीच रक्कम ऑगस्टअखेरीस जाहीर केली. उत्सवातून झळकलेली प्रतिमा संघाची आणि सत्ताधाऱ्यांची होती. जीव शहराचे गेले आणि भरपाईचा एक मोठा भाग करदात्यांनी उचलला.

हा अपवादात्मक अपघात होता, एरवी असे संघ शहराला समृद्ध करतात, असा युक्तिवाद लगेच केला जातो. हॉटेले भरतात, रिक्षावाल्यांना भाडी मिळतात, फेरीवाल्यांचा धंदा होतो, हे खोटे नाही. पण अर्थशास्त्र येथे एक साधा प्रश्न विचारते: हा पैसा नवा आहे की एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला? रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात अमेरिकी मैदानांचा हिशेब तपासला गेला. सरकारी पैशाने बांधलेल्या मैदानांनी स्थानिक अर्थव्यवस्थेला उल्लेखनीय चालना दिल्याचे त्यात दिसले नाही. डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज यांनी वेगळा मार्ग धरला. संप आणि टाळेबंदीमुळे सामने बंद पडले, तेव्हा त्या शहरांच्या उत्पन्नाचे काय झाले, हे त्यांनी पाहिले. उत्पन्न घटल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही.

याचे कारण चिकपेटमध्ये चटकन समजते. बेंगळूरुतले एखादे कुटुंब सामन्याच्या तिकिटांवर काही हजार रुपये खर्च करते, तेव्हा तेवढी रक्कम ते दुसरीकडे, कदाचित कपड्यांवर, कदाचित उपाहारगृहात, खर्च करत नाही. याउलट तुमकूर किंवा कोलारहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब खरोखर बाहेरचा पैसा आणते. तो दुकानदार, हमाल, शिंपी आणि विणकर यांच्यात वाटला जातो. आयपीएल भरते ती याच लग्नसराईच्या काळात. चिकपेटसाठी कोणी विजयसोहळा भरवत नाही. पण शहराचे पोट अशाच पेठा भरतात.

मग क्रिकेटचा पैसा जातो कोठे? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएल प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा महसूल मंडळ आणि संघमालक यांच्यात वाटला जातो. खेळाडूंचे मानधनही त्यातूनच निघते. सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, पण तो केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जमा होतो. सामन्यानंतरचा कचरा उचलणाऱ्या महापालिकेला त्यात थेट वाटा नाही. करमणूक कर लावण्याचा अधिकार संविधानाने स्थानिक संस्थांकडे ठेवला आहे खरा. मात्र तो बजावायला निर्वाचित महापालिका हवी आणि बेंगळूरुच्या महापालिकेची मुदत तर सप्टेंबर २०२० मध्येच संपली. चेंगराचेंगरी झाली तेव्हा शहराच्या वतीने जाब विचारणारा एकही नगरसेवक पदावर नव्हता.

महाराष्ट्राने या बाबतीत बेंगळूरुला नावे ठेवू नयेत. मुंबईतील सामन्यांच्या बंदोबस्तापोटी पोलिसांची १४ कोटी ८२ लाख रुपयांची थकबाकी वर्षानुवर्षे वसूल झाली नाही. उलट राज्य सरकारने २०२३ मध्ये बंदोबस्ताचे शुल्कच पूर्वलक्षी प्रभावाने कमी केले आणि त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागली. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट व्यवस्थेला अशा सवलतीची गरज का भासावी, याचे पटणारे उत्तर मिळणे कठीण आहे.

त्याच न्यायालयाने २०१६ च्या भीषण दुष्काळात वेगळा पायंडा पाडला होता. ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश त्याने दिला. मुंबईत ठरलेला अंतिम सामना त्यामुळे चिन्नास्वामी मैदानावर झाला. पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरुच तहानलेले असताना तेथील मैदानाला प्रक्रिया केलेले सांडपाणी पुरवून सामने पार पाडले गेले. व्यवस्थेला भाग पाडले की पर्याय सापडतो, हाच याचा अर्थ.

खेळाचे मोल केवळ रुपयांत मोजता येत नाही, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. १९७४ मध्ये प्रसन्नांच्या कर्नाटकाने बेंगळूरुतच मुंबईला हरवून तिची सलग पंधरा वर्षांची रणजी मक्तेदारी मोडली. तो आनंद त्या पिढीने आयुष्यभर जपला. चाहत्यांनी अठरा वर्षे केलेली प्रतीक्षाही खरी होती. म्हणूनच या भावनेचा मालक कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील ग्रीन बे या छोट्या शहराचा फुटबॉल संघ १९२३ पासून भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे. भागधारकांना लाभांश मिळत नाही, पण संघ शहर सोडून जाणार नाही, याची हमी मिळते. आपल्याकडे शहर नाव देते, रस्ते देते, पोलीस देते. मालकी मात्र त्याच्याकडे औषधालाही नसते.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. दुर्घटनेनंतर कर्नाटक सरकारने शहराच्या दक्षिण टोकाला, सूर्यनगरमध्ये, सुमारे १,६५० कोटी रुपये खर्चून ८० हजार आसनांचे मैदान आणि क्रीडासंकुल उभारण्याचा निर्णय जाहीर केला. हा खर्च करायचा आहे तो कर्नाटक गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे लोकांना घरे देण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने. गर्दी शहराच्या मध्यातून हलवण्याचा हेतू योग्य आहे. पण अकरा मृत्यूंतून घ्यायचा धडा दुप्पट मोठे मैदान हा नव्हता. नियोजन, परवानगी आणि उत्तरदायित्व यांच्या अभावाने ते जीव गेले, आणि या गोष्टी काँक्रीटने बांधता येत नाहीत.

म्हणून एकही वीट रचण्यापूर्वी काही अटी ठरायला हव्यात. बंदोबस्ताचा संपूर्ण खर्च आयोजकांकडून आगाऊ घ्यावा. सार्वजनिक जमीन किंवा निधी वापरला असेल, तर करार आणि जमाखर्च लोकांपुढे ठेवावा. तिकिटांवरील उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा महापालिकेला मिळावा आणि तो वस्त्यांतील खेळाच्या मैदानांवर खर्च व्हावा. सामने नसतील तेव्हा संकुल मुलांसाठी खुले राहावे. ज्यांना या अटी जाचक वाटतील, त्यांनी स्वतःच्या पैशाने मैदान बांधावे.

दर चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मराय मंदिरातून निघणारा करग जुन्या पेठांच्या अरुंद रस्त्यांतून फिरतो आणि मस्तानसाहेबांच्या दर्ग्याशीही थांबतो. त्या गर्दीला तिकीट नसते, संघमालक नसतो, प्रक्षेपण हक्कही नसतात. तो सोहळा शहराचा आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. क्रिकेटलाही तसेच शहराचे म्हणवून घ्यायचे असेल, तर आधी त्याने शहराचे देणे चुकते करावे.