उर्दूची मागणी आणि विद्यापीठांची वेळापत्रके

महाविद्यालयांच्या प्रवेशांची धामधूम सुरू झाली की, आमच्या टपालात काही पत्रे ठरल्याप्रमाणे येतात. शुल्क वाढले, वसतिगृहात जागा नाही, गुणवत्ता यादी उशिरा लागली, ही त्यांतील नेहमीची रड असते. अलीकडे मात्र त्यांत एका निराळ्या तक्रारीची भर पडली आहे. ही तक्रार काही टाळावयाचे आहे म्हणून नसून काही अधिक शिकावयाचे आहे म्हणून केलेली आहे, आणि एवढ्यानेच ती लक्ष वेधून घेते. आपल्या मुख्य विषयाच्या जोडीला उर्दू घेऊ द्यावी, एवढेच या विद्यार्थ्यांचे मागणे आहे.

एका विद्यार्थिनीने इतिहास हा मुख्य विषय घेतला आहे. मराठवाड्यातील जमीनधाऱ्याचा अभ्यास पुढे करावा, असा तिचा मानस आहे. तिने गौण विषय म्हणून उर्दू मागितली तेव्हा तिला उत्तर मिळाले की, दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी आहेत. पुढील वर्षी तरी मिळेल काय, असे तिने विचारले तेव्हा बारावीला ज्यांची उर्दू नव्हती त्यांना ती देता येत नाही, असे दुसरे कारण पुढे आले. दुसरे पत्र उर्दू शाळेतून शिकून विज्ञानाकडे गेलेल्या एका तरुणाचे आहे. गणित हा त्याचा मुख्य विषय आहे आणि घरची भाषा सुटू नये म्हणून तो उर्दू मागतो. त्याला सांगण्यात आले की, उर्दू कलाशाखेच्या इमारतीत शिकविली जाते. इमारत हेही आता विद्याशाखेचे लक्षण ठरले असावे!

यात नियम आड येतो म्हणावे, तर तसेही दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य आणि गौण विषयांची मुभा दिली. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तिला चौकट घालून दिली. त्या चौकटीत गौण विषय मुख्य विषयाच्याच विद्याशाखेतील असला तरी चालतो आणि दुसऱ्या शाखेतील असला तरीही चालतो. त्याहीपूर्वी, एप्रिल २०२२ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास मान्यता दिली होती. तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, एवढी अट मात्र तिला होती. म्हणजे कायद्याने दोन पदव्यांचा दरवाजा उघडला, पण वेळापत्रकाने दोन विषयांची खिडकीही लावून घेतली, अशी ही स्थिती आहे.

आमच्या मते खरी अडचण एका समजुतीची आहे. उर्दू ज्याच्या घरी बोलली जाते त्याचाच तो विषय, असे विद्यापीठांनी न बोलता ठरवून टाकले आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. त्यांच्या मुलांसाठी उर्दूचे अध्यापन चालणे हा त्यांचा हक्क आहे आणि त्याविषयी वाद नाही. परंतु ज्याने अलिफ-बे गिरविलेले नाही, अशा मराठी, गुजराती वा कानडी घरातील मुलाने उर्दूच्या वर्गात पाऊल ठेवावे, ही कल्पनाच अभ्यासमंडळांच्या डोक्यात नाही. मुंबई विद्यापीठात उर्दूचा विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही आहे. तेथे साहित्याचे उच्च अध्ययन होते, पण ओनाम्यापासून शिकू पाहणाऱ्याला पदवीच्या गुणांकांत धरला जाईल असा अभ्यासक्रम हवा असतो. फ्रेंच वा जर्मन शिकविताना आपण हे विनातक्रार करतो. पॅरिसची भाषा पहिल्या धड्यापासून शिकविता येते, तर दौलताबादेची का येऊ नये?

आणि हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या मागणीवरून राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधाराचा शासननिर्णय निघाला. त्या निर्णयाचे गुणदोष हा आजचा विषय नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, लक्षावधी कुटुंबांचे भवितव्य ज्या दप्तरांवर अवलंबून असल्याचे सांगण्यात आले, त्यांतील कितीतरी कागद मोडीत होते, तसेच उर्दूतही होते; आणि ते वाचणारी माणसे धुंडाळावी लागली. मराठवाड्यात १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाचे राज्य होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू होती. इनामांचे मुंतखब, महसुलाच्या नोंदी, न्यायालयांचे निवाडे यांच्या गठ्ठ्यांत आपल्याच खेड्यापाड्यांतील पाटील-कुळकर्ण्यांची, कुळांची आणि बलुतेदारांची नावे आहेत. आजोबांच्या जमिनीचा कागद नातवाला वाचता येऊ नये आणि जे वाचून दाखवितात त्यांच्या शब्दावर त्याने विसंबून राहावे, ही लाचारी आहे. अशा वाचकाने चुकीचे वाचले, किंवा हेतुपुरस्सर निराळे वाचले, तर ते तपासणार कोण?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गौण विषय म्हणून उर्दू शिकलेला पदवीधर लगेच जुनी दप्तरे घडाघडा वाचू लागेल, असे नाही. छापील उर्दू निराळी आणि कारकुनाच्या धावत्या हातची 'शिकस्ता' निराळी. तिच्यात नुक्ते गळालेले असतात आणि अक्षरे एकमेकांत मिसळलेली असतात. तिला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. पण ज्याला छापील उर्दू येत नाही तो त्या सरावाच्या वाटेलाही लागू शकत नाही. पहिली पायरीच काढून घेतल्यावर वरच्या मजल्यावर माणसे का दिसत नाहीत, असे विचारण्यात अर्थ नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला तर ही पायरी चुकविताच येत नाही. सेतुमाधवराव पगडी हे आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे. हैदराबाद संस्थानच्या सेवेत ते वाढले आणि त्यांनी मोगल-मराठा संघर्षाचा इतिहास फार्सी साधनांच्या आधारे मराठी वाचकांपुढे मांडला. शिवछत्रपतींविषयी शत्रुपक्षाने काय लिहून ठेवले होते, हे मराठी घरांत पोचविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्याच पगडींनी उर्दू काव्याचा रसाळ परिचयही आपल्याला करून दिला. माधव जूलियन यांचे उदाहरण त्याहून जुने. फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकविणाऱ्या या कवीने १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला आणि 'गज्जलांजलि'तून मराठीला गझल दिली. आज आपण मराठी गझलेचे मेळावे भरवितो, सुरेश भटांचे नाव अभिमानाने घेतो; पण त्या वृक्षाचे मूळ ज्या जमिनीत आहे तेथे जाण्याची सोय आपल्या मुलांना आपणच ठेवलेली नाही.

आम्ही काही वर्षे शाळेत इतिहास शिकविला आहे. जुन्या पत्रांत 'परगणे मजकूर' असा शब्दप्रयोग येतो. वर ज्याचा उल्लेख झाला तो परगणा, एवढाच त्याचा अर्थ. 'मजकूर नावाचा एक परगणा होता व तो फार मोठा असावा, कारण तो सर्व पत्रांत येतो,' असे एका मुलाने उत्तरपत्रिकेत गंभीरपणे लिहिले होते. आम्ही त्याचे गुण कापले. आज वाटते की, त्याचा तर्क उत्तम होता. उणीव शिकविणाऱ्यांची होती. अर्ज, फिर्याद, वसूल, दावा, जिल्हा, तालुका, फडणीस, चिटणीस हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांचे कूळ विचारीत नाही. देणेघेणे एकतर्फीही नव्हते. औरंगाबादेत वली आणि सिराज यांनी जी कविता लिहिली तिच्या मागे दखनी बोली उभी आहे, आणि त्या बोलीत जोर देण्यासाठी लागणारा 'च' हा आपल्या मराठीचाच आहे. मौलवी अब्दुल हक यांनी औरंगाबादेत राहून मराठीवरील फार्सीच्या प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिले. एका उर्दूभक्ताला मराठीचा अभ्यास करावासा वाटला; उलट दिशेने निघालेल्या आजच्या विद्यार्थ्याला मात्र आपण वेळापत्रक दाखवितो.

मराठीचेच हाल असताना उर्दूचे कौतुक कशाला, असे विचारणारे आमच्या वाचकांत असतील. मराठी शाळा ओस पडत आहेत, हे दुःख आम्हांलाही आहे. पण मराठीची हानी उर्दूच्या तासाने झालेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा मिरवावयाचा तर मराठीचा मध्ययुगीन शब्दसंग्रह, बखरी आणि पत्रव्यवहार यांचा अभ्यास करणारी माणसे तयार करावी लागतील, आणि त्या माणसांना फार्सी-उर्दूचे निदान प्राथमिक ज्ञान लागेल. मराठी हा मुख्य विषय घेतलेल्या मुलाने उर्दू मागितली, तर तो मराठीचा घात करतो असे नव्हे. तो मराठीचा अधिक चांगला अध्यापक होऊ पाहतो.

मराठवाड्यातील वृद्ध मंडळींचा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले, ही देशी भाषेच्या दृष्टीने मोठी कामगिरी होती. पण ज्या संस्थानात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती तेथे ती प्रजेच्या मुलांवर आलेली परभाषाच होती. आपल्या भाषेत शिकता आले नाही, ही सल त्या पिढीने जन्मभर बाळगली आणि ती रास्त होती. तथापि लादलेली भाषा आणि मागितलेली भाषा यांत अंतर आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय झाला तेव्हा महाराष्ट्र खवळून उठला आणि २९ जूनला शासनाला माघार घ्यावी लागली. ज्यांना ती सक्ती सलली, त्यांनी स्वेच्छेने भाषा मागणाऱ्याला 'नाही' म्हणणे ही त्याच सक्तीची दुसरी बाजू आहे, हे ओळखावयास हवे.

उर्दूला धर्माची पाटी लावण्याचा प्रयत्न तर अकोला जिल्ह्यातील पातूरपासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. तेथील नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिली होती, एवढाच तो वाद. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तो फलक योग्य ठरविला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे स्पष्ट केले. आम्ही त्यावर अधिक लिहीत नाही.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांची एक अडचण मात्र खरी आहे. पाचदहा विद्यार्थ्यांसाठी वर्ग चालवावयाचा तर कार्यभार भरत नाही, कार्यभार भरत नाही म्हणून पद मंजूर होत नाही, आणि अध्यापक नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत. हे चक्र एकट्या महाविद्यालयाला तोडता येणार नाही. पण एका शहरातील पाच महाविद्यालयांनी मिळून एक वर्ग चालविला, तो सकाळी सातला किंवा सायंकाळी ठेवला आणि त्याचे गुणांक पाचांनीही मान्य केले, तर पन्नास विद्यार्थी सहज जमतील. गुणांक एका संस्थेतून दुसरीत नेण्याची व्यवस्था आता कागदोपत्री आहेच. शिवाय बारावीला उर्दू असण्याची अट नवशिक्यांच्या अभ्यासक्रमाला लावू नये आणि घरी उर्दू बोलणाऱ्यांना त्या वर्गात बसवून त्यांचे वर्ष वाया घालवू नये. गणिताच्या त्या तरुणाला अलिफ-बे नको आहे, त्याला गालिब व प्रेमचंद हवे आहेत; इतिहासाच्या विद्यार्थिनीला गालिब नंतर भेटला तरी चालेल, तिला आधी लिपी हवी आहे. दोघांना एका बाकावर बसविले तर एक कंटाळेल आणि दुसरी रडेल.

हे सर्व पुढील वर्षी व्हावे अशी अपेक्षा करण्याइतके आम्ही भोळे नाही. पण एक काम विद्यापीठांना ताबडतोब करता येईल व त्याला पैसा लागत नाही. उर्दू हा जोडविषय किती विद्यार्थ्यांनी मागितला आणि त्यांतील कितींना कोणत्या कारणास्तव नाकारला, याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाकडून मागवून ती विद्या परिषदेपुढे ठेवावी. आज मिळालेल्या प्रवेशांची मोजदाद होते, परत पाठविलेल्या अर्जांची होत नाही. आणि मग मागणीच नाही, असा निष्कर्ष कोऱ्या रकान्यावरून काढला जातो. आमच्याकडे आलेली पत्रे, पत्रलेखकांची संमती घेऊन, आम्ही कुलसचिवांकडे पाठवीत आहोत.