शोकाला अपराध मानणाऱ्यांस

मयताच्या घरी पाय टाकताच ‘रडता कशाला? तुमची श्रद्धा कुठे गेली?’ असे सुनावणारी माणसे प्रत्येक धर्मग्रामात भेटतात. आई शवपेटीत निजलेली, आणि लेकीने डोळे कोरडे ठेवून श्रद्धेच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे, ही अपेक्षा! या उपदेशाला ख्रिस्ती म्हणावयास आम्ही तयार नाही.

त्याचे मूळ शुभवर्तमानात नाही, ग्रीस-रोममध्ये आहे. विष प्यायल्यावर सॉक्रेटिसाने रडणाऱ्या मित्रांस दटावले, असे प्लेटो सांगतो. लेकराचा मुका घेताना ते मर्त्य आहे हे मनाशी घोकावे, हा एपिक्टेटसचा धडा. (एखाद्या बाळंतिणीला तो सांगण्याचे धाडस आमच्यात नाही.) या धीराच्या माणसांचा उपहास आम्ही करीत नाही. परंतु बेथानीस लाझरसच्या कबरीकडे निघालेला प्रभू त्यांच्यातला नव्हे. आपण आता त्याला उठवणार हे ठाऊक असूनही त्याने अश्रू ढाळले.

संत ऑगस्टिनही प्रथम याच समजुतीला बळी पडला. इ. स. ३८७ मध्ये ऑस्टिया येथे त्याची आई मोनिका वारली, तेव्हा तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षात होता. त्याच्या मुलाने, आदेओदातसने, हंबरडा फोडला. मंडळींनी त्याला गप्प केले. ऑगस्टिनने स्वतःचे अश्रू कोंडले. दफनाच्या वेळीही तो रडला नाही. दुःख उतरावे म्हणून स्नान केले, ते उतरले नाही. मग झोपून उठल्यावर, एकांतात, देवासमोर त्याचा बांध फुटला. ‘कन्फेशन्स’मध्ये हे लिहितानाही तो संकोचलेला आहे. पुढे बिशप झाल्यावर मात्र त्याने प्रवचनात स्पष्ट सांगितले की संत पौलाने थेस्सलनीकाकरांना शोकाची बंदी केलेली नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच म्हटले आहे. आमचे उपदेशक नेमका हाच उत्तरार्ध गाळतात.

अंत्यविधीत पास्काचे स्वरूप अधिक स्पष्ट व्हावे, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले, हे आम्हांला ऐकवले जाईल. मान्य! पण पास्काचे रहस्य रविवारी सुरू होत नाही. त्याआधी शुक्रवार येतो, आणि त्या दिवशी क्रुसाखाली एक आई उभी होती. तिला कोणी श्रद्धेचा जाब विचारला नाही.

सातव्या दिवसाची मिस्सा आटोपली की घर रिकामे होते. तेव्हा या उपदेशकांपैकी कोणी तिथे फिरकताना आम्ही पाहिलेला नाही. फिरकलेच, तर त्यांनी ओटीवर घटकाभर नुसते बसावे आणि लेक आईविषयी जे बोलेल ते ऐकावे.