क्रेन जोडा, पण हिशेबाने

१९१६च्या सुमारास अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. तोच पहिला टोइंग ट्रक मानला जातो. आपल्याकडेही जुन्या टाटा-लेलँडचा हौदा उतरवून गॅरेजातच क्रेन उभी राहते. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा आग्रह. क्रेनचा सांगाडा थेट चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्ड करू नका. उष्णतेने तिथलं पोलाद कमजोर होतं आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते. चासीच्या उभ्या बाजूला जाड प्लेट लावून, डोक्यावर ८.८ कोरलेले बोल्ट आवळा. दुसरा हिशेब तरफेचा. व्हीलबेस चार मीटर आणि हूक मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन मीटर मागे असेल, तर चार टन उचलताना पुढच्या चाकांवरचे दोन टन कमी होतात. घाटातल्या वळणावर स्टिअरिंग दगा देतं ते त्यामुळेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलाआधी आरटीओची मंजुरी मागतं, ती घ्याच. साखळी अडकवणाऱ्या पोराचा जीव तुमच्या जोडकामावर अवलंबून असतो. तिथे अंदाजपंचे चालणार नाही.